जलरंगाची पारदर्शकता, स्क्रीनवरची ओपॅसिटी आणि भिंतीच्या रंगाचं कव्हरेज: हिशेब एकच आहे का?

प्रश्न (निळाई)
जलरंगातल्या चित्राच्या स्कॅनवर संगणकात पिवळा थर टाकते आहे. कागदावर निळ्यावर पिवळ्याचा पातळ हात दिला की हिरवा मिळतो. स्क्रीनवर ओपॅसिटी (थर किती झाकतो ते प्रमाण) ५० टक्के ठेवली की राखाडी, मळकट होतं. असं का? शिवाय रंगाच्या ट्यूबवर ‘पारदर्शक’ लिहितात आणि भिंतीच्या डब्यावर ‘कव्हरेज’, ते याच मापाचं असतं का?

पिक्सेल
मळकट होणारच. ‘नॉर्मल’ मोडमध्ये (थर मिसळण्याची नेहमीची पद्धत) ५० टक्के ओपॅसिटी म्हणजे निव्वळ सरासरी. स्क्रीनवरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा ० ते २५५ पर्यंतच्या तीन आकड्यांत लिहितात. पिवळा (२५५, २५५, ०) आणि निळा (०, ०, २५५) निम्मे-निम्मे घेतले की तिन्ही आकडे १२८च्या आसपास येतात, म्हणजे शुद्ध राखाडी. जलरंगाचा थर सरासरी काढत नाही, तो प्रकाश गाळतो, तेही दोनदा: कागदाकडे जाताना आणि परतताना. त्यासाठी ‘मल्टिप्लाय’ मोड घ्या, तो दोन्ही थरांचे आकडे (२५५ म्हणजे १ धरून) गुणतो. मात्र खाली निव्वळ (०, ०, २५५) असेल तर मल्टिप्लायमध्ये काळा येईल. आकाशी (०, २५५, २५५) असेल तर हिरवा. खऱ्या निळ्या रंगातून थोडा हिरवा प्रकाशही निसटतो, म्हणून कागदावर जमतं.
आणखी एक, ५० टक्क्यांचे दोन थर म्हणजे १०० नव्हे, ७५. तीन थरांचे ८७.५.

कुंचला
ट्यूबवरचा रिकामा चौकोन म्हणजे पारदर्शक, अर्धा भरलेला म्हणजे अर्धपारदर्शक, पूर्ण भरलेला म्हणजे अपारदर्शक. त्यावर विसंबू नका, स्वतः तपासा. वॉटरप्रूफ काळ्या शाईची जाड रेघ ओढा, पूर्ण वाळू द्या, मग तिच्यावरून रंग दाटसर लावा. वाळल्यावर रेघेवर रंगाची साय दिसली तर तो अपारदर्शक. दाटसरच लावायचा, कारण भरपूर पाणी घातलं की कॅडमियम रेडसुद्धा पारदर्शक वाटतो.
थरावर थर द्यायचे तर थॅलो ब्लूसारखा कागदात मुरणारा पारदर्शक रंग खाली ठेवा, तो उचलला जात नाही. वरचा हात रुंद ब्रशने एकाच फटक्यात, न घासता. खालचा थर हाताला गार लागत असेल तर अजून ओल आहे, थांबा. पोस्टर रंग यासाठी नकोत, ते झाकण्यासाठीच बनवलेले असतात.

रेझिन
भिंतीच्या रंगाचं काम उलटं. तिथे प्रकाश गाळायचा नाही, उधळायचा. रंगद्रव्य आणि त्याभोवतीचं माध्यम यांच्या अपवर्तनांकात (पदार्थ प्रकाश किती वाकवतो त्या आकड्यात) जितकी तफावत, तितकी झाकण्याची ताकद. सुकलेलं तेल किंवा रेझिन साधारण १.५, रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरं रंगद्रव्य) २.७, खडूची पूड १.६. म्हणून तेलात कालवलेली खडूची पूड जवळजवळ दिसेनाशी होते आणि टायटॅनियम लख्ख पांढरा राहतो.
चुन्याची गंमत यातच आहे. ओला असताना कणांमधल्या फटींत पाणी (१.३३) असतं, खालची भिंत दिसते. वाळला की तिथे हवा (१) येते आणि तोच थर पांढराफटक होतो. ‘झाकत नाही’ म्हणून ओल्यावरच दुसरा हात मारला की थर जाड होतो आणि पुढे पोपडे सुटतात.
कणांचा आकारही सांभाळावा लागतो. टायटॅनियमचा कण ०.२ ते ०.३ मायक्रॉनचा ठेवतात. त्याहून फारच बारीक केला तर झाकणं कमी होतं. पीआर १०१ (ट्यूबवर छापलेला रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक) हा लोहाचा लाल रंग त्यामुळेच अपारदर्शक आणि पारदर्शक अशा दोन्ही रूपांत मिळतो.
मोजायचं असं: काळ्या-पांढऱ्या कार्डावर ठरावीक जाडीचा थर, तो वाळल्यावर काळ्यावरचं परावर्तन भागिले पांढऱ्यावरचं. उत्तर ०.९८ आलं की झाकलं म्हणायचं. जाडी सांगितली नाही तर हा आकडा निरुपयोगी. डब्यात जास्त पाणी घालणाऱ्याचं कव्हरेज तिथेच जातं.

लहर
जाडीइतकीच तरंगलांबीही सांगावी लागते. खिडकीची काच डोळ्यांना पारदर्शक, पण थर्मल कॅमेऱ्याच्या ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात अपारदर्शक. त्या कॅमेऱ्याची भिंगं जर्मेनियमची करतात, ज्यातून आपल्याला काहीच दिसत नाही.

निळाई
मल्टिप्लायने हिरवा जमला. पण स्कॅनचा पांढरा कागद रंगीत पार्श्वभूमीवर चौकोनासारखा दिसतो.

पिक्सेल
गिंप या चित्र-संपादन सॉफ्टवेअरमध्ये ‘कलर टू अल्फा’ वापरून पांढरा काढा, म्हणजे तिथे अल्फा (पिक्सेलची पारदर्शकता) येते. त्याआधी लेव्हल्समध्ये (उजेड-अंधार जुळवण्याचं साधन) कागद पूर्ण पांढरा करून घ्या, नाहीतर कडेला करडी झाक उरते. फाइल पीएनजीत ठेवा. जेपेगमध्ये अल्फा टिकत नाही.