भाड्याच्या घरासाठी चपलांचे कपाट: कोणते घ्यावे?

समा रहिवासी:
सर्वांना नमस्कार. आम्ही बडोद्यात समा भागात तळमजल्यावर भाड्याने राहतो. घरात आम्ही दोघे, शाळेत जाणारी दोन मुले आणि सासूबाई. मुलांचे काळे व पांढरे बूट, यजमानांचे कचेरीचे चामडी बूट, रोजच्या आणि सणासमारंभाच्या चपला असे मिळून वीसएक जोड आहेत आणि सध्या ते सारे दाराशी पसरलेले असतात. प्रवेशाचा बोळ जेमतेम तीन फूट रुंद आहे. भाडेकरार नेहमीप्रमाणे 11 महिन्यांचा असून भिंतीला भोक पाडायचे नाही, अशी मालकांची स्पष्ट अट आहे. दुकानात पाहिलेल्यांपैकी पुढे झुकणाऱ्या कप्प्यांचे, भिंतीला लागून उभे राहणारे अरुंद कपाट मला पसंत पडले आहे. सासूबाईंच्या मते मात्र चपलांची जागा उंबऱ्याबाहेर, ओट्यावरच. कोणता पर्याय घ्यावा, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

कारेलीबागकर:
आपल्याला पसंत पडलेल्या कपाटाची खोली साधारण 17 ते 25 सेंटीमीटर असते आणि त्यामुळेच ते बोळात शोभते. पण त्याच कारणाने ते स्वतःच्या बळावर नीट उभे राहू शकत नाही. वरचे दोन कप्पे एकदम उघडले, किंवा एखाद्या मुलाने उघड्या कप्प्याला धरून उभे राहण्याचा प्रयत्न केला, तर सगळा भार पुढे येतो. म्हणून अशा कपाटासोबत ते भिंतीला स्क्रूने जखडण्याची पट्टी देतात आणि ती लावणे हा शोभेचा भाग नव्हे. मालकांची अट मोडायची नसेल, तर हा पर्याय आपल्यासाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दुहेरी चिकटपट्टीने काम भागेल, असे दुकानदार सांगतील. डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर ती पट्टी रंगाच्या पापुद्र्यासकट सुटून हातात येते, मग कपाटही गेले आणि अनामतीतून रंगाचे पैसेही गेले. शिवाय या कप्प्यांत बूट उभे तिरके बसतात. मुलांचे बूट सहज मावतात, पण नऊ-दहा नंबरचा जाड तळव्याचा बूट अडकतो आणि झडप पूर्ण मिटत नाही. यजमानांचा एक जोड दुकानात नेऊन आत ठेवून पाहावा.

दांडिया बाजार:
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु खरा प्रश्न कपाट कशाचे बनलेले आहे, हा आहे, असे मला वाटते. दुकानांतील स्वस्त तयार कपाटे बहुतेक पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा सरसाने दाबून केलेल्या फळ्यांची असतात. वरून लॅमिनेटचा थर असल्यामुळे ती चकचकीत दिसतात. पण खालच्या काठाची कडपट्टी जरा जरी उचलली गेली, की लादी पुसतानाचे पाणी तेथून आत शिरते, फळी पोह्यासारखी फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. चपलांच्या कपाटात तर आपण पावसाळ्यात ओल्याच वस्तू ठेवतो. दुसरी अडचण घर बदलताना येते: या फळ्या जोडणारे स्क्रू एकदा काढून पुन्हा बसवले, की भोकांतील भुसा सैल होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या जोडणीनंतर कपाट हलू लागते. भाडेकरूने वस्तू घेताना ती टेम्पोत चढवून पुन्हा उभी करता येईल का, हे आधी पाहावे.

लाकडीच हवे असेल, तर सुताराकडून बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या) प्रतीच्या प्लायवुडचे करून घ्यावे. एमआर (ओलावा सोसणाऱ्या) प्रतीचे प्लायवुड दमट हवेत टिकते, पण सतत ओले झाल्यास त्याचे थर सुटू शकतात. आयएस 710 या भारतीय मानकाच्या शिक्क्याचे मरीन प्लायवुड सर्वांत टिकाऊ असते; परंतु चपलांसाठी एवढा खर्च करणे मला पटत नाही. दारांना जाळी किंवा पट्ट्यांच्या फटी अवश्य ठेवाव्यात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पूर्ण बंद कपाटातील चामडी बुटांवर पांढरी बुरशी धरते आणि चार दिवसांनी दार उघडले, की वासानेच कळते. उधईची (वाळवीची) तक्रार तळमजल्यावर अधिक असते, म्हणून पाये लाकडाचे ठेवू नयेत.

अकोटा 20:
मी थोडा वेगळा विचार मांडतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी समा, अकोटा, वडसर या भागांतील घरांत शिरले होते, हे आपण येथे राहत असल्यास ऐकलेच असेल. अशा ठिकाणी तळमजल्यावर प्लायवुडसुद्धा मला जोखमीचे वाटते. भोकांच्या लोखंडी पट्ट्या नटबोल्टने जोडून केलेली, पावडर कोटिंगची (भुकटीचा रंग तापवून बसवलेली) उघडी मांडणी घ्यावी. ती पान्याने अर्ध्या तासात सुटते, एका गठ्ठ्यात बांधून नेता येते, नव्या घरात कप्प्यांची उंची बदलून पुन्हा लावता येते आणि पाण्यात भिजलीच, तर धुऊन पुसून उन्हात ठेवता येते. मात्र कापलेल्या टोकांवर रंग नसतो व गंज तेथूनच सुरू होतो, म्हणून घेतल्याबरोबर त्या टोकांना रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) लावावे. चारही पायांना रबरी टोप्या बसवाव्यात, नाहीतर लादीवर गंजाचे डाग पडतील आणि घर सोडताना त्यावरूनही वाद होईल. उघड्यावरची धूळ आणि पसारा डोळ्यांना खुपत असेल, तर पुढे खादीचा पडदा सोडावा.

समा रहिवासी:
तिघांचेही मनापासून आभार. झुकणाऱ्या कप्प्यांचा विचार आता सोडला आहे. परंतु 30 सेंटीमीटर लांब बुटासाठी तेवढ्याच खोलीची मांडणी ठेवली, तर तीन फुटांच्या बोळात चालायला दोनच फूट उरतील. सासूबाई काठी घेऊन चालतात, त्यामुळे याचीच काळजी वाटते. तसेच त्यांना चपला घालताना टेकायला काहीतरी हवे असते.

कारेलीबागकर:
याला उपाय आहे. कप्पे मागून वर उचलून तिरके लावले, तर तोच बूट 26-27 सेंटीमीटरांत मावतो. घसरू नये म्हणून पुढच्या काठाला पट्टी लावावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वीसही जोड बोळात ठेवण्याची गरजच नाही. रोज वापरले जाणारे आठ-दहा जोड तेथे ठेवावेत. समारंभाच्या चपला कागदात गुंडाळून पलंगाखालच्या खोक्यात जाव्यात. मग मांडणी अरुंद व ठेंगणी चालते. सासूबाईंसाठी बोळात नव्हे, तर दिवाणखान्याच्या पहिल्या कोपऱ्यात 45 सेंटीमीटर उंचीचा, खाली दोन कप्पे असलेला बाक ठेवावा. बाक मात्र लोखंडी चौकटीचा व रुंद पायांचा असावा, कारण उठताना सासूबाई एका कडेवर भार देणार. ओट्यावर चपला ठेवण्याबाबत त्यांचे म्हणणे मोडू नये. बाहेरून आल्यावर ओल्या चपला तासभर ओट्यावर निथळू द्याव्यात आणि मग आत घ्याव्यात. रात्रभर मात्र बाहेर ठेवू नयेत, आपल्या भागातील कुत्री एका पायाची चपल नेमकी पळवतात.

दांडिया बाजार:
बाकाची कल्पना मला आवडली, त्यामुळे सुताराचा मुद्दा मी मागे घेतो. बाकाच्या बैठकीपुरते प्लायवुड वापरले तरी पुरे. एक राहिले: मुलांचे ओले बूट थेट मांडणीवर न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते दोन-तीन तासांनी बदलावेत आणि बुटातला आतला तळवा काढून वेगळा वाळवावा. उन्हात चामडे तडकते, म्हणून यजमानांचे बूट पंख्याखालीच.

समा रहिवासी:
दुपारी मोजपट्टीने पाहिले, बाक दिवाणखान्यात खिडकीखाली बसतो. लोखंडी चौकटीसाठी मांजलपूरकडे कोणी विश्वासू वेल्डर असल्यास कळवावे.