सिक्स सिग्मा : मोजमापाच्या टप्प्यावर किती काळ थांबावे?

प्रश्न :
देयके मंजूर होण्यास लागणारा विलंब कमी करण्यासाठी आमच्या विभागाने सिक्स सिग्मातील (कामाच्या प्रक्रियेतील दोष आणि चढउतार मोजून कमी करण्याच्या तंत्रातील) व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण या पाच टप्प्यांची पद्धत स्वीकारली आहे. दोन महिने झाले तरी आम्ही मोजमापातच अडकलो आहोत. उपाय समोर दिसत असताना थेट सुधारणेकडे वळावे का?

प्रतिसाद १ :
वळू नये. विलंब नेमका कोणत्या क्षणापासून धरता, हे आधी तपासा. एक जण देयक हाती आल्याची तारीख लिहितो आणि दुसरा संगणकात नोंद केल्याची. अशा वेळी प्रक्रियेतील दोषाऐवजी मोजणाऱ्यांमधील तफावतच मोजली जाते. तीच वीस देयके दोघांना स्वतंत्रपणे द्या आणि उत्तरे जुळतात का ते पाहा.

प्रतिसाद २ :
सहमत आहे, पण दोन महिने जरा जास्तच झाले. मोटोरोला कंपनीत १९८६ च्या सुमारास बिल स्मिथ यांनी मांडलेल्या या पद्धतीचे 'दहा लाख संधींमागे ३.४ दोष' हे लक्ष्य सर्वांना पाठ असते. मात्र प्रक्रियेची सरासरी कालांतराने १.५ सिग्माने (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, चढउताराचे माप) सरकते असे गृहीत धरून तो आकडा काढलेला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. थोड्या देयकांसाठी त्यामागे धावू नका. सरासरीपेक्षा मंजुरीला लागणाऱ्या दिवसांमधील चढउतार पाहा.

प्रश्नकर्ता :
पडताळणी केली. वीसपैकी सात देयकांच्या तारखा जुळल्या नाहीत, त्यामुळे आम्ही व्याख्येच्या टप्प्याकडे परत जात आहोत.