मदत हवी आहे: आरमधून पीडीएफ काढले की आलेखातली मराठी अक्षरे मोडतात

प्रश्न

विंडोज 11, आर (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) 4.2, आलेख जीजीप्लॉट2 या तिच्या आलेखांच्या पॅकेजमध्ये. उभ्या अक्षाचे नाव 'विद्यार्थ्यांची संख्या'. आर लिहिण्याच्या आरस्टुडिओ या प्रोग्रॅमच्या पडद्यावर सगळे नीट दिसते. जीजीसेव्ह या आलेख साठवण्याच्या आज्ञेने पीडीएफ काढले की त्या जागी नुसती टिंबांची ओळ येते आणि कन्सोलवर 'कन्व्हर्जन फेल्युअर'च्या (रूपांतर फसल्याच्या) इशाऱ्यांची रांग लागते. शोटेक्स्ट हे फॉन्टांचे पॅकेज चालू केल्यावर टिंबे गेली, पण पहिली वेलांटी 'व'च्या मागे पडते, 'द्य'मधल्या 'द'चा पाय मोडलेला दिसतो आणि रफार वर चढतच नाही. थीममध्ये नोटो सान्स देवनागरी दिलेला आहे. छपाईसाठी पीडीएफच लागणार आहे. काय करावे?

प्रतिसाद 1

तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत. काय मोडले आहे ते नीट पाहिले की कुठे मोडले ते कळते.

टिंबे म्हणजे एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीचा बिघाड. आरचे नेहमीचे पीडीएफ डिव्हाइस (आलेख फाइलमध्ये उतरवणारा भाग) जुन्या टाइप 1 फॉन्टांवर चालते आणि एका अक्षराला एकच बाइट धरते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटांचे असते, आणि न समजलेल्या प्रत्येक बाइटसाठी एक टिंब पडते. 'विद्यार्थ्यांची' या शब्दात मात्रा, हलन्त, अनुस्वार धरून 15 चिन्हे आहेत, म्हणून 45 टिंबे. इथे फॉन्ट बदलून काहीही होणार नाही.

चौकोन दिसले असते तर दोष फॉन्टचा: तो सापडला नाही किंवा त्यात देवनागरी नाही. सिस्टमफॉन्ट्स पॅकेजमधल्या मॅच_फॉन्ट्सला नाव देऊन पाहा. उत्तरात भलत्याच फाइलचा पत्ता आला तर नाव चुकले आहे.

शोटेक्स्टनंतरची मोडतोड ही शेपिंगची, म्हणजे चिन्हे जुळवून अक्षराला आकार देण्याची. शोटेक्स्ट फॉन्टमधून एकेक चिन्ह उचलून त्याची बाह्यरेषा ओळीने काढत जाते. वेलांटी आधी आणणे, जोडाक्षर घडवणे, रफार पुढच्या अक्षरावर चढवणे ही कामे हार्फबझसारखे शेपिंग इंजिन करते आणि शोटेक्स्टच्या वाटेत ते येतच नाही. देवनागरीसाठी शोटेक्स्ट काढूनच टाका. आणखी एक: शोटेक्स्टचे डीपीआय (एका इंचातले ठिपके) मुळात 96 असते, त्यामुळे 300 डीपीआयच्या चित्रात अक्षरे तिपटीने लहान होतात.

प्रतिसाद 2

वरच्याला पुरवणी. 'जीजीसेव्हमध्ये डिव्हाइस कैरो_पीडीएफ द्या' हा सल्ला सगळीकडे मिळतो. लिनक्सवर तो चालतो, कारण तिथे कैरो या चित्र काढणाऱ्या लायब्ररीच्या जोडीला मजकूर मांडणारी पँगो असते आणि पँगो हार्फबझ वापरते. विंडोजवरच्या आरमध्ये पँगो नाही. टिंबे जातील, जोडाक्षरे तुटलेलीच राहतील.

विंडोजवर आधी रॅग पॅकेज टाका आणि एजीजी_पीएनजी डिव्हाइसने काढा: रुंदी 16 सेंमी, उंची 10 सेंमी, 300 डीपीआय, म्हणजे साधारण 1890 × 1181 पिक्सेल. यात शेपिंग पूर्ण होते. इथे शब्द बरोबर आला तर फॉन्ट ठीक आहे असे समजा.

मग पीडीएफसाठी एसव्हीजीलाइट पॅकेजने एसव्हीजी (रेषांच्या रूपात साठवलेली चित्रफाइल) काढा, ती इंकस्केप या चित्र-संपादकात उघडा आणि तिथून पीडीएफ म्हणून साठवा. साठवताना टेक्स्टचे पाथमध्ये (बाह्यरेषांमध्ये) रूपांतर करण्याचा पर्याय निवडा. मजकूर शोधता येणार नाही, पण छापखान्यात फॉन्ट नसला तरी अक्षर हलणार नाही. छपाईसाठी मी हाच मार्ग निवडेन. एसव्हीजीमध्ये अक्षरे दाबलेली किंवा ताणलेली दिसली तर फिक्स_टेक्स्ट_साइझ फॉल्स करा. नाहीतर प्रत्येक मजकुराची रुंदी फाइलमध्ये पक्की लिहिली जाते आणि दुसऱ्या फॉन्टलाही तेवढ्यातच बसवले जाते.

धागाकर्ता

रॅग आणि इंकस्केप, दोन्हींत अक्षाचे नाव अचूक आले, आभार! आता दोन गोष्टी उरल्या. स्तंभांवरची लेबले वेगळ्याच फॉन्टमध्ये येतात. आणि 'शेतकऱ्यांची मुले' या एकाच गटाचे दोन स्तंभ पडतात, नावे मात्र डोळ्यांना सारखीच.

प्रतिसाद 2

लेबलांचे सोपे आहे. थीममध्ये टेक्स्टला दिलेला फॉन्ट आलेखावर मजकूर लिहिणाऱ्या जिओम_टेक्स्ट आणि ॲनोटेटला लागू होत नाही. त्यांना फॅमिली (फॉन्टचे नाव) स्वतंत्रपणे द्या.

प्रतिसाद 1

दोन स्तंभांचे मूळ डेटात आहे. 'ऱ्या' दोन प्रकारे टंकले जाते: 'ऱ', हलन्त, 'य', किंवा साधा 'र', हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे चिन्ह), 'य'. चित्रात दोन्ही सारखे, आरच्या लेखी दोन निराळे शब्द. यूटीएफ8टूइंट (चिन्हांचे यूनिकोड क्रमांक देणारी आज्ञा) लावून दोन्ही नावांचे आकडे पाहा. एकात 2353 आणि दुसऱ्यात 2352 व पुढे 8205 सापडतील.

आधी स्ट्रिंगी पॅकेजच्या स्ट्री_ट्रान्स_एनएफसीमधून सगळा रकाना काढा, म्हणजे 'र' आणि खाली नुक्ता असा लिहिलेला 'ऱ'ही एकसारखा होईल. जोडकाचा फरक मात्र त्याने मिटत नाही, म्हणून 2352, 2381 (हलन्त), 8205 ही तिकडी शोधून तिच्या जागी 2353, 2381 घाला. डेटा साफ करताना अदृश्य चिन्हे सरसकट पुसू नका. जोडक गेला की 'ऱ्या'चा 'र्या' होतो, 'य'वर रफार चढतो आणि 'शेतकर्यांची' असे छापले जाते. दोष मग फॉन्टचा वाटतो आणि शोध भलतीकडेच सुरू होतो.