रोज देवांना अंघोळ घालायचीच का? टाक, बाळकृष्ण आणि संगमरवरी गणपती, मदत हवी

घोडबंदरची_सून

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, प्लीज वाचा.

सासूबाईंना आता गुडघ्यांमुळे खाली बसून पूजा जमत नाही म्हणून साताऱ्याकडचे गावचे देव आमच्याकडे ठाण्याला फ्लॅटमध्ये आणलेत आणि पूजा माझ्याकडे आलीय. देवांमध्ये चांदीचे टाक, म्हणजे देवाचा ठसा उठवलेले पत्रे आहेत (खंडोबा, तुळजाभवानी, जोतिबा), पितळी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, बाण (महादेव म्हणून पूजतो तो नर्मदेतला गुळगुळीत दगड), आणि आमच्या लग्नात मिळालेला संगमरवरी गणपती. सासूबाईंची पद्धत अशी की सगळ्यांना रोज अंघोळ, आधी थोडं दूध मग पाणी, आणि सोमवार, चतुर्थी, एकादशीला पंचामृत. गावाला त्या दोन तास निवांत पूजा करायच्या. इथे हे सकाळी लोकलला पळतात, मला ऐरोलीला ऑफिस गाठायचं असतं, त्यात घोडबंदर रोडचा ट्रॅफिक तुम्हाला माहितीये.

वेळेचं मी बघेन काहीतरी, पण खरं टेन्शन वेगळंच आहे. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी मिक्स येतं, त्यामुळे बाळकृष्णावर पांढरट थर बसायला लागलाय, टाक काळे पडलेत, आणि गणपतीची तर चकाकीच गेली, हात लावला की चिकट लागतो आणि मुंग्या येतात. देव खराब होतायत असं वाटून जीव खालीवर होतो. कमी केलं तर चालेल का? कोणाला पाण्याने, कोणाला नुसतं पुसून असं केलं तर शास्त्राला धरून आहे का? सासूबाईंचं मन दुखवायचं नाहीये आणि मलाही पूजा मनापासून करायचीय, उरकायची नाहीये.

नौपाड्याचे_काका

ताई, आधी घाबरू नका. देव घरात आले, त्यांची काळजी वाटतेय, हीच मोठी गोष्ट आहे.

आता मुद्द्याचं. षोडशोपचार पूजेत सोळा उपचार असतात, आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन आणि मग सहावं स्नान. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा या सोळा उपचारांना एकेक म्हणतात. ही झाली पूर्ण पूजा. पण त्याच परंपरेत पंचोपचार पूजाही आहे, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, बस, त्यात स्नान नाहीच! म्हणजे ज्या दिवशी वेळ नाही त्या दिवशी ही पाच उपचारांची पूजा केली तर तुम्ही काही सोडलं असं होत नाही, ती पूजा स्वतःच पूर्ण आहे.

आणि अजून एक बघा, तुमच्याकडे खंडोबा-भवानी आहेत म्हणजे नवरात्रात घट बसत असणार. बऱ्याच घरांत एकदा देव बसले की ते उठेपर्यंत जागचे हलवत नाहीत, ताम्हणात घेऊन अंघोळ घालत नाहीत, फुलाने पाणी शिंपडून पूजा होते आणि रोज माळ चढते. वर्षातली सगळ्यात मोठी पूजा आणि त्यात रोजचं स्नान नाही. तुमच्याकडेही असंच असेल तर सासूबाईंना याची आठवण करून द्या, त्यांनी ते आयुष्यभर केलेलं आहे, लगेच पटेल.

आमच्याकडे असं आहे: शाळिग्राम, बाण, बाळकृष्ण, अन्नपूर्णा यांना रोज ताम्हणात घेऊन पळीने पाणी, तेवढ्यात अथर्वशीर्ष म्हणून होतं. टाकांना रोज फक्त ओल्या फुलाने प्रोक्षण आणि सणाला स्नान. तसबिरी तर आपण पुसतोच ना, त्यांना कोण पाण्यात बुडवतं? गणेशचतुर्थीला शाडूच्या मूर्तीवर पण दूर्वेने पाणी शिंपडतो आणि अभिषेक शेजारच्या सुपारीवर नाहीतर चांदीच्या छोट्या गणपतीवर करतो. मूर्ती कशाची आहे ते बघून स्नान ठरवायचं हे जुनंच आहे, आपण काही नवीन सवलत काढत नाही.

रोज दूध घालायचं असा नियम मी तरी कुठे पाहिला नाही. पंचामृत करायचं त्या दिवशी क्रम पाळा, दूध, दही, तूप, मध, साखर, आणि प्रत्येकानंतर पाणी. साखर शेवटी येते ते फार उपयोगाचं आहे, ती बोटाने हलकी फिरवली की तूप-मध सुटून येतो. मग गंधाचं पाणी, आणि शेवटी कोमट पाण्याने स्नान, ते अजिबात चुकवू नका, गार पाण्याने तूप निघत नाही आणि तुमचा सगळा चिकटपणा तिथूनच येतोय असं मला वाटतं. प्रत्येक गोष्ट चमचाभर पुरे.

रबाळे_लॅब

मी एमआयडीसीत प्लेटिंगच्या लॅबमध्ये काम करतो त्यामुळे धातूंचं थोडं सांगू शकतो. काकांनी शास्त्राचं छान सांगितलंय.

पांढरा थर म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. बोअरचं पाणी जड असतं, ते मूर्तीवर वाळलं की क्षार मागे राहतात. उपाय सोपा आहे, शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या आणि लगेच मऊ सुती कपड्याने कोरडं करा, बाळकृष्णाच्या गुडघ्याखाली, अन्नपूर्णेच्या पळीजवळ जिथे पाणी साठतं तिथे खास करून. जुना थर पितळेवरून काढायला लिंबू पाण्यात मिसळून फडक्याने लावा आणि लगेच धुवा. चिंच पण चालते. पण मूर्तीला वरून लॅकरचं कोटिंग असेल (हल्लीच्या बऱ्याच पितळी मूर्तींना असतं) तर आंबट लावून घासू नका, कोटिंग जागोजाग निघून डाग पडतात.

टाक काळे पडले त्यात तुमच्या पाण्याचा दोष फारसा नाही. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. टाक पावडरने खसखसून घासू नका ही हात जोडून विनंती. टाक म्हणजे पातळ पत्र्यावर उठवलेला ठसा, दर आठवड्याला घासला तर खंडोबाचा घोडा आणि देवीचे हात पुसट होत जातात आणि ते परत येत नाहीत. घरी करायचंच तर भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर गरम पाणी आणि खायचा सोडा, टाक फॉइलला टेकेल असा ठेवा, काळं झालेल्या थराची परत चांदी होते, काही खरवडलं जात नाही. मात्र टाकाच्या मागे लाख भरलेली असेल तर गरम पाण्यात घालू नका, लाख मऊ होते. अशा वेळी सोनाराकडे देव उजळायला दिलेले बरे.

आता गणपती. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की तो वरवर विरघळतो. दह्यातल्या लॅक्टिक आम्लाने पॉलिश गेलं आणि तूप त्याच्या बारीक छिद्रांत मुरलं, म्हणून चकाकी गेली आणि चिकटपणा आला. त्याला पंचामृत पूर्ण बंद करा. लिंबू, चिंच तर लांबच ठेवा. पितळेला लागू पडणारा उपाय संगमरवराला उलटा लागतो. कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण, मऊ कपडा, स्वच्छ पाणी, कोरडं करणं, एवढ्याने चिकटपणा बराच जाईल. चकाकी हवी असेल तर पॉलिशवाल्या कारागिराला दाखवा.

शाळिग्रामची मुळीच काळजी करू नका, तो गंडकी नदीतला दगड, आत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रजीवांचे अवशेष, आणि बाण नर्मदेत घासून गुळगुळीत झालेला. दोघेही पाण्यातच घडलेत.

कोपरखैरणे_आई

सगळं वाचलं, पण माझं मत थोडं वेगळं आहे. काका म्हणतात पंचोपचारात स्नान नाही, ते बरोबर असेल, तरी ज्या देवांना पाणी चालतं त्यांचं रोजचं स्नान सोडू नका हो. पुसायला लागलं की आधी एक दिवस, मग आठवडा, मग देव्हाऱ्यावर धूळ, असं मी शेजारीपाजारी बघितलंय. बाळकृष्णाला पळीभर पाणी घालायला किती वेळ लागतो? मी नोकरी करूनच केलंय हे सगळं. रात्रीच ताम्हण, वस्त्र, गंध काढून ठेवायचं, सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पूजा होते. बाळकृष्णाला अंघोळ घालताना माझा दिवस खरा सुरू होतो, ते गेलं तर मला पूजा केल्यासारखंच वाटणार नाही.

टाक आणि गणपतीचं मात्र पटलं. पाण्याचं तीर्थ तुळशीला घाला, पण दूध-साखर असलेलं कुंडीत ओतू नका, मुंग्या आणि बुरशी येते. ते घरच्यांनी तीर्थ म्हणून घ्यायचं. म्हणूनच चमचाभर करायचं. आणि सिंकमध्ये तूप ओतू नका, फ्लॅटमध्ये पाइप तुंबतात.

घोडबंदरची_सून

सगळ्यांचे खूप खूप आभार, डोळ्यांत पाणी आलं खरंच. नवरात्राचं मी सासूबाईंना काल बोलले, त्या म्हणाल्या "हो गं, तेव्हा तर आपण हलवत पण नाही" आणि गप्प बसल्या, मग स्वतःच म्हणाल्या की टाक फुलाने कर. पण गणपतीचा अभिषेक बंद म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. आणि एक विचारायचं राहिलं, आमचं ताम्हण तांब्याचं आहे, पंचामृत त्यातच करतो, चालतं ना?

रबाळे_लॅब

पाण्याला तांब्याचं उत्तम. दूध-दही-मध मात्र त्यात नको. दह्याने तांबं सुटतं, हिरवट क्षार तयार होतात, आणि ते आपण तीर्थ म्हणून पितो. पंचामृताला चांदीची वाटी असेल तर छान, नाहीतर स्टीलचं ताट. लॅबमध्ये रोज बघतो म्हणून इतकं ठासून सांगतोय.

नौपाड्याचे_काका

तांब्यात दूध नको हे आमची आजीपण सांगायची.

सासूबाईंना मोठ्या देवळांचं सांगा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं 2015 मध्ये रासायनिक संवर्धन करावं लागलं आणि तिथे अभिषेक उत्सवमूर्तीवर होतो. पंढरपूरला 2020 मध्ये विठोबाच्या पायांना वज्रलेप, म्हणजे झीज थांबवायचा लेप झाला. उज्जैनच्या महाकाळाची झीज होतेय म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2017 मध्ये भक्तांनी वाहायच्या पाण्या-दुधाच्या प्रमाणावर मर्यादा आली आणि 2020 मध्ये लिंगाला चोळू नका असा आदेश झाला. एवढ्या जागृत स्थानांनी देव जपण्यासाठी पद्धत बदलली. तुमच्या गणपतीसाठी पण तेच करा, चांदीचा छोटा गणपती घ्या, चतुर्थीचा अभिषेक त्याच्यावर, संगमरवरी गणपतीला त्या दिवशी दूर्वा, जास्वंद आणि मोदक. अभिषेक सासूबाईंनाच करू दे. खुर्चीवर बसून टेबलावर ताम्हण ठेवलं तरी चालतं, देवाला गुडघे दुखणारं माणूस जमिनीवर बसलेलं नकोच असतं.

मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभरापर्यंतची बघा, घरच्या देव्हाऱ्याला मत्स्यपुराणात तेवढंच माप सांगितलंय. आणि टाक सोनाराकडे उजळायला द्यायचे असतील तर पितृपक्षाच्या आधीच द्या, घटस्थापनेच्या तोंडावर त्यांच्याकडे फार गर्दी होते.