मोसंबी-नेरोलीचा परफ्यूम 20 मिनिटांत उडतो, काय चुकतंय?

जालनेकर: भूमध्य समुद्राकाठच्या बागेसारखा परफ्यूम करतोय: लिंबूवर्गीय फळं आणि पांढरी फुलं. 25 ग्रॅममध्ये कोल्ड प्रेस्ड बर्गमॉट (लिंबूवर्गीय फळाची साल दाबून काढलेलं तेल) 1 ग्रॅम, मोसंबी तेल 2 ग्रॅम, नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचं तेल) 0.3 ग्रॅम, बाकी अल्कोहोल आणि थोडं पाणी. पाणी घातलं की दुधाळ होतो, आणि अंगावर 20 मिनिटांवर टिकत नाही. मोसंबी वाढवू का? घरच्या बागेतल्या साली वापरता येतील का?

लातूरचा गंधी: मोसंबी वाढवू नका, उलट कमी करा. त्या तेलात 90 टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं आणि ते भराभर उडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. दुप्पट घातलं तर सुरुवातीचा भपका वाढेल, मुक्काम नाही.

त्या बागांचा खरा गंध कडू संत्र्याच्या झाडात आहे. फुलांच्या ऊर्ध्वपातनातून नेरोली, पानं आणि डहाळ्यांतून पेटिटग्रेन, सालीतून कडवट संत्रा तेल, सगळं एकाच झाडाचं. तुमच्या मिश्रणात पान नाही आणि खाली धरून ठेवणारं काहीच नाही. हे करून पाहा, सगळं वजनाने, 0.01 ग्रॅमच्या काट्यावर:

बर्गमॉट (उन्हात त्वचा भाजवणारं बर्गाप्टेन काढलेलं) 1.00, मोसंबी 0.45, लिंबू 0.25, पेटिटग्रेन 0.40, नेरोली 0.30, हेडिओन (जाईच्या वळणाचं कृत्रिम सुगंधी द्रव्य) 0.80, आयसो ई सुपर (लाकडासारख्या वासाचं कृत्रिम द्रव्य) 0.50, वाळा 0.10, जाईचं अ‍ॅब्सोल्यूट (फुलांचा दाट अर्क, 10 टक्के द्रावण) 0.15, लॅब्डेनम (10 टक्के द्रावण) 0.05. झाले 4 ग्रॅम. त्यात 21 ग्रॅम अल्कोहोल.

लॅब्डेनम भूमध्य प्रदेशातल्याच सिस्टस झुडपाचा डिंक. थेंबभर जास्त झालं तर चामड्यासारखा वास पुढे येतो, म्हणून द्रावण करूनच घाला. बाटली 3-4 आठवडे अंधारात, थंड जागी ठेवा. पहिल्या दिवशीच्या वासावरून मिश्रण बदलायला घेऊ नका, तेव्हा अल्कोहोलच नाकात भरतं.

संभाजीनगर लॅब: वरच्या उत्तरातला कंस नीट वाचा. साधं कोल्ड प्रेस्ड बर्गमॉट 25 ग्रॅममध्ये 1 ग्रॅम म्हणजे 4 टक्के. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनासाठी इफ्राची (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) मर्यादा 0.4 टक्के आहे, म्हणजे तुम्ही दहापट घातलंय. बर्गाप्टेनवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. आहे ती बाटली मानेवर, मनगटावर मारू नका. फार तर कपड्याच्या आतल्या बाजूला.

नांदेड 431: दुधाळपणाचं कारण सोपं आहे. लिमोनीन कडक अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्याने अल्कोहोल सौम्य झालं की बाहेर पडतं. पाणी वगळा. झालेल्या बाटलीत 95 टक्क्यांचं अल्कोहोल थोडं थोडं घाला, स्वच्छ होईल. मग दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून थंड असतानाच कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा, सालीतलं मेण कागदावर राहतं. अल्कोहोल परफ्यूमसाठीचंच घ्या. मिथिलेटेड स्पिरिट अंगाला लावायचं नाही, आणि सर्जिकल स्पिरिटचा स्वतःचा वास शेवटपर्यंत जात नाही.

घरच्या साली चालतील, पण फवारणी झालेल्या बागेतल्या नकोत. दाबून काढलेल्या तेलात कीटकनाशकाचा अंश उतरतो. तेल लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये. अर्ध्या बाटलीत हवा राहते, लिमोनीन ऑक्सिडाइज होतं, टर्पेंटाइनसारखा वास येतो. असं तेल त्वचेला अ‍ॅलर्जी करतं, टाकून द्या.

जालनेकर: आभार, बर्गमॉटचं माहीत नव्हतं. नेरोली फार महाग पडतं, जागी मोगरा घालू का?

लातूरचा गंधी: महाग असणारच. साधारण टनभर फुलांतून किलोभर तेल निघतं. मोगरा गोड आणि जड, देवघरातल्या गजऱ्याकडे जातो, नेरोलीचा हिरवा कडवटपणा त्यात नाही. नेरोली 0.10 वर आणा, पेटिटग्रेन 0.55 करा, उरलेले 0.05 हेडिओनमध्ये. फूल थोडं मागे सरकेल, बाग तीच राहील.

आणि रंग पिवळा-तपकिरी झाला तर घाबरू नका. नेरोलीतलं मिथाइल अँथ्रानिलेट आणि जाईतलं इंडोल वेळ जाईल तसं रंग धरतं. पांढऱ्या सदऱ्यावर मात्र मारू नका, डाग धुऊन निघत नाही.