जुना पूल बदलायचाच आहे, पण खालच्या ट्राउट माशांचं काय?

ओढाकाठ: गावाकडच्या ओढ्यावर एका गाडीपुरता जुना पूल असतो. मधल्या खांबाचा पाया पाण्याने उघडा पाडलेला असतो. तो बदलायला हवा, यात वाद नाही. वाद पुढचा आहे. "ओढ्यात दोन मोठे नळ टाका, वर भराव घाला, झालं काम" असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

ब्राउन ट्राउटची मादी शरद ऋतूच्या अखेरीस शेपटीने तळाची खडी उकरते, खळग्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. हिवाळाभर अंडी तिथेच असतात. खडीच्या फटींतून थंड पाणी खेळतं, म्हणून ती जगतात. वरच्या बाजूला एक दिवस पोकलेन पाण्यात उतरला, की बारीक गाळ त्या फटींत जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ दिसतं. अंडी मात्र खाली गुदमरलेली असतात.

रोजचा वाटसरू: मासा महत्त्वाचा, मान्य. पण वजनाची मर्यादा लागली की रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी लांबून येते, त्याचं काय? काँक्रीटची ताकदच २८ दिवसांवर धरतात. तुमच्या माशांचे महिने सोडून काम करायचं, तर पूल दोन वर्षं रखडणार.

ओढाकाठ: अंड्यांच्या महिन्यांत बंदी फक्त पाण्यात उतरण्यावर असते हो. काठामागचे पाये भरा, तुळया दुसरीकडे ओतून आणा, ते बाराही महिने चालतं. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, लांब घेतला तर पाण्यात खांबच लागत नाही. ओल्या काँक्रीटचं पाणी मात्र थेंबभरही ओढ्यात पडू देऊ नका, ते इतकं अल्कधर्मी असतं की मासे मरतात.

दगडी कमान: मुळात पाडायचाच कशाला? पाया दुरुस्त करा. नवा रुंद पूल आला की काठची झाडं जातात, सावली जाते आणि पाणी तापतं. ट्राउटला तेच सोसत नाही.

ओढाकाठ: झाडांचं अगदी खरं. पण पायाशी काँक्रीटचा थर ओतला, की कालांतराने प्रवाहाच्या खालच्या अंगाला पायरी पडते आणि लहान मासे वर चढू शकत नाहीत. अरुंद नळाचंही तेच होतं. शिवाय जुना खांबच प्रवाह आवळतो, म्हणून तळ खणला जातो. काठोकाठ भरलेल्या ओढ्याच्या रुंदीच्या निदान १.२ पट मोकळी जागा ठेवा, तळ नैसर्गिक राहू द्या. पूर आला तरी पूल टिकेल.

गळवाला: तारखा ठरवण्याआधी ओढ्यात कोणता ट्राउट आहे ते बघा. रेनबो बहुतेक वसंतात अंडी घालतो. ब्राउनचं वेळापत्रक त्याला लावलंत तर नेमकं उलटं होईल.

रोजचा वाटसरू: लांब गाळ्याला माझी हरकत नाही, खर्चाला आहे. आणि वाळूच्या गोण्यांचा बांध घालून पाणी वळवणार असाल, तर त्या गोण्या कोण काढणार, कोणत्या तारखेला, हे ठेक्यात आधी लिहा. नाहीतर पहिल्या पुरात त्या फुटून सगळी वाळू तुमच्या त्याच खडीवर जाऊन बसेल.