उमेदवारी ‘केली’ की ‘भरली’?

ओली शाई:
भाचा येत्या विधानसभेला अपक्ष उभा राहतोय. घरात लिहिणारी मीच, म्हणून त्याचं परिचयपत्रक माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं, ‘दहावीनंतर एका वायरमनकडे तीन वर्षं उमेदवारी केली.’ त्याने वाक्यावर काट मारली. म्हणे, “मावशी, लोकांना वाटेल मी तीनदा पडलोय!” काम शिकण्याला उमेदवारी म्हणतात, हे त्याच्या गावीही नाही. आता तिथे काय लिहू? ‘अप्रेंटिस’ नको. ‘प्रशिक्षण घेतले’ म्हटलं की पंख्याखाली बसून वह्या भरल्यासारखं वाटतं.

जुना बोरू:
भाच्याचं चुकलं. उमेद म्हणजे आशा, उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. आमचे आजोबा कचेरीत दीड वर्ष बिनपगारी उमेदवार होते. कारकुनाची जागा रिकामी होण्याची वाट बघत नकला करायचे. सरकारी कागदांत ‘शिकाऊ उमेदवार’ अजून जिवंत आहे. वाक्य बदलू नका.

चावडी:
आजोबांच्या अर्थाने मतं मिळत नाहीत, बोरूकाका. वाचणारा अडखळला की पत्रक पुडी बांधायला.

निर्मळवाणी:
मुळात फारसी शब्द कवटाळायचाच कशाला? निवडणुकीसाठी ‘प्रत्याशी’ म्हणा, शिकणाऱ्यासाठी ‘अंतेवासी’. घोळच मिटला.

चावडी:
वायरमनकडे अंतेवासी! आणि प्रत्याशी हिंदी बातम्यांतून आलाय, तो आपला कधी झाला? आमच्याकडची उतरंड ठरलेली आहे. यादी लागेपर्यंत ‘इच्छुक’, तिकीट मिळालं तर ‘उमेदवार’, नाही मिळालं तर ‘नाराज’, आणि तरीही अर्ज ठोकला तर ‘बंडखोर’. माघारीच्या दिवशी दुपारी ३ नंतर जो उरतो, तो खरा.

पाटीपेन्सिल:
मला ‘उमेदवारी भरली’ खटकतं. भरतात तो अर्ज. कायद्यातला शब्द नामनिर्देशनपत्र, कारण तिथे तुमचं नाव दुसरा सुचवतो, म्हणजे सूचक. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला १ सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० मतदार लागतात. ताई, पत्रकाआधी ते १० जमलेत का बघा.

ओली शाई:
आठ जमलेत. नववा म्हणतो, अनुमोदक होतो, सूचक नको. त्याला सूचक म्हणजे काहीतरी भानगड वाटते.

पाटीपेन्सिल:
विधानसभेला अनुमोदक नसतोच. तो सोसायटीच्या निवडणुकीतला पाहुणा.

चावडी:
आणि १०,००० रुपये अनामत तयार ठेवा. अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर निम्मी. पडला, आणि वैध मतांच्या १/६ पेक्षा जास्त मतंही मिळाली नाहीत, तर जप्त.

निर्मळवाणी:
बघा, अनामत हा मात्र निखळ शब्द. अ-नाम, ज्यावर कुणाचं नाव नाही अशी रक्कम.

जुना बोरू:
अहो, पावती नावानेच फाडतात! अरबी ‘अमानत’ मराठीत येताना म आणि न यांनी जागा बदलल्या, एवढंच. नुकसानाचं नुस्कान होतं तसं.

निर्मळवाणी:
नुस्कान अशुद्ध आहे.

जुना बोरू:
मग अनामतही अशुद्ध. भाच्याला अमानत भरायला सांगा, खिडकीवरचा कारकून काय म्हणतो ते इथे कळवा.

चावडी:
अनामत पेपरात जप्त होते, गावात डिपॉझिट जातं. आमच्याकडचे एक जण अजून अभिमानाने सांगतात, “पडलो, पण डिपॉझिट वाचवलं.” यात अनामत घालून बघा, सगळा रुबाब जातो.

निर्मळवाणी:
‘ठेव’ म्हणायला काय हरकत आहे?

जुना बोरू:
ठेव परत मिळेल म्हणून ठेवतात. अपक्षांपैकी किती जणांना मिळते?

ओली शाई:
माझ्या भाच्यासमोर बोलताय, जरा सांभाळून! मूळ प्रश्नाचं एव्हाना कुणाला आठवत नसेल, तर सांगते: ‘वायरमनच्या हाताखाली तीन वर्षं काम शिकलो’ असं केलंय. भाचा खूश. मला चुटपुट आहेच, कारण ‘उमेदवारी’त बोलणी खाणं, चहा आणणं, शिडी धरून उभं राहणं सगळं येत होतं. ‘काम शिकलो’मध्ये फक्त काम आलं.
आता नवं लफडं. छापखानेवाला म्हणतो, निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेत, त्याशिवाय यंत्रावर चढवणार नाही. मुद्रक तो. एका पानाच्या कागदाची प्रकाशक मी?

पाटीपेन्सिल:
छापून घेणारा तो प्रकाशक. कायदा पानं मोजत नाही.

निर्मळवाणी:
बाई आहेत, तेव्हा ‘प्रकाशिका’ छापा.

जुना बोरू:
प्रकाशिका हे टीकाग्रंथाचं नाव असतं हो!

चावडी:
अपक्षाचं पत्रक आहे. टीका असणारच.